फाल्कोनेट्टीला दगडावर गुडघे टेकवायला लावणं आता पुरे

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नसेल, तर सिनेमाच्या एखाद्या पेजवर चाळीस सेकंदांच्या रीलमधून लवकरच ऐकाल. एक फ्रेंच नटी होती. एका थोर दिग्दर्शकानं तिला हेरलं. त्यानं तिचे केस भादरले, मेकअप पुसायला लावला, तिला तासन्‌तास दगडी फरशीवर गुडघे टेकून बसवलं, चेहऱ्यावर काहीही दिसता कामा नये असं बजावलं, आणि वेदना असह्य झाली त्या क्षणी कॅमेरा सुरू केला. त्यातून जगातला सर्वश्रेष्ठ अभिनय जन्माला आला. नटी मात्र इतकी मोडून पडली की तिनं पुन्हा कधी अभिनय केला नाही. मागे करुण व्हायोलिन. खाली कमेंटमध्ये आगीचे आणि हात जोडलेले इमोजी. ‘याला म्हणतात डेडिकेशन.’

नटीचं नाव रने जान फाल्कोनेट्टी. दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर. सिनेमा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’, १९२८.

माझं म्हणणं सरळ आहे. या गोष्टीतला काही भाग धडधडीत खोटा आहे. काही भाग खरा असला, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि ही गोष्ट गेली कित्येक दशकं सांगितली जाते, कारण ती सांगण्यात कुणाचा तरी फायदा आहे. फाल्कोनेट्टीचा त्यात काडीचाही फायदा नाही.

आधी तिचं आयुष्य

रीलमध्ये तिचं आयुष्य ड्रायर भेटला त्या दिवशी सुरू होतं आणि शूटिंग संपलं त्या दिवशी संपतं. तर ते थोडं मागून सुरू करू.

फाल्कोनेट्टीचा जन्म १८९२ सालचा, पॅरिसला लागून असलेल्या पांतँ या गावातला. ती रंगभूमीवरची नटी होती. हौशी नव्हे, पोटापाण्यासाठी रोज रात्री रंगमंचावर उभी राहणारी. गंभीर नाटकं, हलकीफुलकी बुलव्हार नाटकं, दोन्ही तिनं केली. फ्रान्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत, कोमेदी-फ्रांसेझमध्येही ती काही काळ होती. १९१७ सालीच तिनं मूकपटात काम केलं होतं. म्हणजे ‘आयुष्यात एकच सिनेमा’ हे रीलमधलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे.

ड्रायरनं तिला पाहिलं तेव्हा ती ‘ला गार्सोन’ नावाचं नाटक करत होती. व्हिक्टर मार्गरीत याच्या ज्या कादंबरीनं विसाव्या शतकाच्या विशीत फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला होता, तिचं ते रूपांतर. केस कापलेली, लग्नाचं बंधन झुगारणारी, आपल्या मर्जीनं जगणारी आधुनिक तरुणी हा त्याचा विषय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिला आपण भाबडी, कोवळी, दिग्दर्शकाच्या हातातली माती समजतो, ती तेव्हा पॅरिसच्या रंगमंचावर फॅशनेबल, बंडखोर बाईचं काम करत होती. वय पस्तिशीचं. तिला जी भूमिका करायची होती ती जोन सुमारे एकोणीस वर्षांची होती. हे वयाचं अंतर पडद्यावर कुणाला जाणवत नाही. ते का जाणवत नाही, याचं उत्तर दगडी फरशीत सापडणार नाही. ते तिच्या पंधरा-वीस वर्षांच्या कामात सापडेल.

आणि सिनेमानंतर? ‘पुन्हा कधी अभिनय केला नाही’ हे तर सरळसरळ खोटं आहे. तिनं पुन्हा सिनेमा केला नाही. नाटक सोडलं नाही. तिनं स्वतः पॅरिसमध्ये एक थिएटर चालवायला घेतलं, त्यात तिचे पैसे बुडाले. नाटकाच्या धंद्यात पैसे बुडणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर १९३५मध्ये झां जिरोदू यांचं ‘ट्रोजन युद्ध होणार नाही’ हे नाटक लुई जूव्हेनं पॅरिसमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आणलं. विसाव्या शतकातल्या फ्रेंच नाटकांत ते महत्त्वाचं मानलं जातं. जूव्हे स्वतः हेक्टर झाला होता. त्याच्या बायकोची, आंद्रोमाकची भूमिका कुणी केली? फाल्कोनेट्टीनं. ‘मोडून पडलेली’ बाई सिनेमानंतर सात वर्षांनी फ्रान्समधल्या सगळ्यात नावाजलेल्या नटासमोर, युद्ध टाळण्याची धडपड करणारी बायको उभी करत होती.

पुढे खरंच युद्ध झालं. ती फ्रान्स सोडून दक्षिण अमेरिकेत गेली. डिसेंबर १९४६मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये वयाच्या ५४व्या वर्षी तिचं निधन झालं. शेवटची वर्षं हलाखीची होती, यात शंका नाही. पण त्या हलाखीला महायुद्ध, परदेश आणि बुडालेला पैसा पुरेसा होता. तिचं खापर १९२७ सालच्या एका सेटवर फोडायला आपल्याला आवडतं, कारण तसं केलं की गोष्ट गोळीबंद होते.

चेहरा आपोआप तयार होत नाही

आता सिनेमा. तुम्ही तो पाहिला नसेल तर जरूर पाहा. पण पाहताना थोडं कारागिराच्या नजरेनं पाहा.

त्या काळी बहुतेक फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. तिला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे माणसाची त्वचा काळपट, डागाळलेली यायची आणि नटांना चेहऱ्यावर जाड रंग थापावा लागायचा. ड्रायरनं पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरली. तिच्यावर त्वचा जशी आहे तशी उमटते. म्हणून मेकअप काढता आला. ओठांवरच्या भेगा, चामखीळ, घाम, सगळं दिसू लागलं. रुडॉल्फ मातेचा कॅमेरा चेहऱ्याला जवळजवळ चिकटला. खालून वर बघणारे कोन मिळावेत म्हणून ड्रायरनं सेटवर इतके खड्डे खणले की लोक त्याला भोकांच्या चीजवरून ‘कार्ल ग्रुयेर’ म्हणू लागले. सिनेमा घटनांच्या क्रमानं शूट झाला, म्हणजे नटांना भूमिका पायरीपायरीनं चढता आली. सगळा मिळून दीडेक हजार शॉट आहेत. त्या काळच्या सिनेमाच्या मानानं हा आकडा फार मोठा आहे.

म्हणजे ज्या चेहऱ्याला आपण ‘उघडावाघडा’, ‘नैसर्गिक’, ‘अभिनय नसलेला’ म्हणतो, तो फिल्मचं रसायन, भिंग, प्रकाश, संकलन आणि एका अनुभवी नटीचं काम यातून बनलेला आहे.

ड्रायरनंच नंतर मुलाखतींत या कामाची पद्धत सांगितली आहे. आदल्या दिवशीचे टेक तो आणि फाल्कोनेट्टी एकत्र बसून पाहायचे. फसलेल्या टेकमध्येही कुठेतरी एखादा क्षण चमकून गेलेला असायचा. तो धरायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे जायचं. मला हे वर्णन छळाचं वाटत नाही. मला ते तालमीचं वाटतं. दोन कलाकार अंधाऱ्या खोलीत बसून आपल्याच कामातल्या चुका शोधत आहेत. पण याचं रील बनत नाही. ‘ते दोघं रोज बसून काल काय जमलं नाही ते बघायचे’ यावर करुण व्हायोलिन कसं लावणार?

आता सगळ्यात मोठा पुरावा. तो वेदनेच्या सिद्धांताच्या मुळावर येतो, आणि तरीही त्याच गोष्टीत मिरवला जातो.

डिसेंबर १९२८मध्ये बर्लिनमध्ये लागलेल्या आगीत या सिनेमाची मूळ निगेटिव्ह जळाली. ड्रायरनं काय केलं? न वापरलेले, बाजूला काढून ठेवलेले टेक घेतले आणि त्यांतून सिनेमा पुन्हा जुळवला. अख्खा सिनेमा. पुढे तीही निगेटिव्ह आगीत गेली, हा भाग वेगळा. पण क्षणभर विचार करा. तो अभिनय म्हणजे असह्य वेदनेतून एकदाच फुटलेला हुंदका असता, तर उरलेल्या टेकमधून दुसरा सिनेमा उभाच राहिला नसता. फेकलेल्या टेकमधून सिनेमा तयार होतो, याचा अर्थ नटी ते पुन्हा करू शकत होती. हवं तेव्हा, हवं तितकं, हव्या त्या मापानं. जे पुन्हा करता येतं त्याला कसब म्हणतात.

गोष्ट सांगणारे मात्र या आगीचा वेगळाच उपयोग करतात. जोन जळाली, सिनेमाही जळाला. पुढे १९८१मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात त्याची जुनी प्रिंट सापडली, मग काय विचारता! संत, आग, वेड, कपाट. सगळं जुळलं. त्या कपाटाचा फाल्कोनेट्टीशी काहीही संबंध नव्हता. पण एकदा बाईला हुतात्मा करायचं ठरलं की प्रत्येक योगायोग तिच्या नावावर जमा होतो.

दगड, केस आणि रक्त

‘पण छळ झालाच नाही असं म्हणायचंय का तुला?’ असं कुणी विचारेल.

नाही. ड्रायर कामात कठोर होता, हट्टी होता, यावर कुणाचं दुमत नाही. तिचे केस खरंच कापले आणि तो प्रसंग सेटवरच्या सगळ्यांना जड गेला. दगडावर गुडघे टेकवल्याची गोष्टही बऱ्याच वर्षांपासून सांगितली जाते. समजा ती शब्दशः खरी आहे. तरी माझा प्रश्न उरतो. दगडावर गुडघे टेकले की माणसाचे गुडघे दुखतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा चेहरा गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा दिसतो. न्यायाधीश फसवा प्रश्न विचारतात, जोनला तो सापळा आहे हे उमगतं, ती घाबरते, आणि त्याच भीतीतून तिला उत्तर सुचतं. हे तीन-चार टप्पे एका क्लोज-अपमध्ये कुठलीही फरशी आणू शकत नाही. जगभर मंदिरांत, चर्चमध्ये, दर्ग्यांत लोक रोज दगडावर गुडघे टेकतात. त्यांतून जोन उभी राहत नाही.

आता केसांबद्दल. याच सिनेमात न्यायाधीश आणि धर्मगुरू झालेल्या पुरुष नटांनाही डोकं मध्यभागी भादरून घ्यावं लागलं होतं. काहींच्या डोक्यावर तर टोप्या होत्या, भादरलेलं दिसणारही नव्हतं. मुख्य धर्मगुरू कोशाँ झालेला यूजेन सिल्व्हँ हा कोमेदी-फ्रांसेझचा बुजुर्ग नट, वय पंचाहत्तरच्या पुढे. त्याचाही चेहरा विनामेकअप, त्याच्याही सुरकुत्यांवर तोच निर्दय कॅमेरा. सिल्व्हँच्या वेदनेवरचं एकही रील मी अजून पाहिलेलं नाही. त्याच्या कामाला आपण ‘अनुभव’ म्हणतो. तिच्या कामाला ‘यातना’ म्हणतो. एकाच सेटवरच्या दोन नटांसाठी दोन शब्दकोश.

आणि रक्त. सिनेमात आजारी जोनच्या दंडाला चीर देऊन रक्त काढण्याचा शॉट आहे. रक्त खरं आहे. हे वाक्य तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. तो हात मात्र फाल्कोनेट्टीचा नाही, तिच्या जागी बसवलेल्या दुसऱ्या व्यक्तीचा आहे. हे दुसरं वाक्य सहसा वगळलं जातं. ज्याचं रक्त खरोखर गेलं, त्याच्यासाठी कुणीच हात जोडत नाही. कारण इथे रस रक्तात नाहीच. रस एका सुंदर, प्रसिद्ध बाईच्या मोडण्यात आहे.

मी हे इतक्या रागानं का लिहितेय

शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटावरून एवढा त्रागा कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण ही गोष्ट इतिहासात बसून राहत नाही. ती कामाला लागते.

काही वर्षांपूर्वी मी एका शॉर्टफिल्मवर तिसरी असिस्टंट होते. बजेट शून्य, सगळे मित्रमैत्रिणी, वडापाववर चाललेलं काम. एका प्रसंगात मुलीला रडायचं होतं. तीन टेक झाले. दिग्दर्शकाला पटेना. त्यानं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, आता कुणी तिच्याशी बोलू नका, जेवायला बोलावू नका, मी बघतो. मग दोन तास तो तिला सगळ्यांदेखत बोलत राहिला. तिच्या दिसण्यावर, तिच्या उच्चारांवर, तिच्या घरच्यांवर. ती रडली. कॅमेरा चालू होता. शॉट ‘ओके’ झाल्यावर त्यानं टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, “ड्रायरनं हेच केलं होतं.”

त्याला फाल्कोनेट्टीचं नाव माहीत होतं. पॅनक्रोमॅटिक फिल्म माहीत नव्हती. क्रमानं केलेलं शूटिंग माहीत नव्हतं. रोज एकत्र बसून टेक बघणं माहीत नव्हतं. एक महिना तालीम घ्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि ती कशी घ्यायची याची कल्पनाही नव्हती. त्याला फक्त दगड माहीत होता. तो शॉट मी नंतर पाहिला. मुलगी रडताना दिसते, इतकंच. ती का रडतेय हे कथेतून काहीही कळत नाही, कारण ती कथेसाठी रडतच नव्हती. त्या मुलीनं पुढे कॅमेऱ्यासमोर काम केलं नाही.

आपल्याकडे फिल्म क्लबमध्ये, फिल्म ॲप्रिसिएशनच्या वर्गांत फाल्कोनेट्टीचा क्लोज-अप हमखास दाखवला जातो, आणि दाखवलाच पाहिजे. पण त्या क्लोज-अपबरोबर जी दगडाची गोष्ट चवीनं सांगितली जाते, ती वर्गातल्या पंचवीसपैकी दोन-तीन जणांच्या डोक्यात परवाना म्हणून जाऊन बसते.

या परवान्याचं काय होतं, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पुन्हा पॅरिसचंच आहे, आणि पुन्हा एका फ्रेंच नटीचं. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’च्या शूटिंगच्या वेळी मारिया श्नायडर १९ वर्षांची होती. समोर मार्लन ब्रँडो, तिच्याहून जवळपास अठ्ठावीस वर्षांनी मोठा. बलात्काराच्या दृश्यात लोणी वापरायचं, हे दिग्दर्शक बेर्तोलुची आणि ब्रँडोनं आपापसात ठरवलं आणि तिला आधी सांगितलं नाही. शारीरिक कृती अभिनीत होती, अपमान खरा होता. आपल्याला तिची प्रतिक्रिया नटी म्हणून नको होती, मुलगी म्हणून हवी होती, असं बेर्तोलुचीनं २०१३मध्ये सांगितलं. त्याला अपराधी वाटत होतं, पण पश्चात्ताप नव्हता.

ते वाक्य पुन्हा वाचा. नटी म्हणून नको होती. म्हणजे तिला जे काम येतं, ज्यासाठी तिला घेतलं, तेच नको होतं. त्या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन ब्रँडोला मिळालं, बेर्तोलुचीला मिळालं. श्नायडरला मिळालं नाही. बरोबरच आहे. तिनं अभिनय केला असं त्यांनी मानलंच नव्हतं. तिच्यावर फक्त काहीतरी घडवलं गेलं होतं.

इथे दोन सेट सारखेच होते, असं मी म्हणत नाही. ड्रायरची नटी दुसऱ्या दिवशी स्वतःचे टेक बघायला बसत होती. बेर्तोलुचीच्या नटीला आज काय होणार हेही माहीत नव्हतं. फरक मोठा आहे. दगडाची गोष्ट नेमका हाच फरक पुसून टाकते. ती सगळ्यांना एकाच ओळीत बसवते: थोर दिग्दर्शक, दुखावलेली बाई, अजरामर शॉट. मग दिग्दर्शकानं नटीबरोबर काम केलं की नटीला फसवलं, हा प्रश्नच उरत नाही.

श्नायडरनं अनेकदा या अपमानाबद्दल उघड सांगितलं. त्या वेळी आपण वकिलाला किंवा एजंटला बोलवायला हवं होतं, असंही ती म्हणाली. पण तिची दुसरी साक्षही आहे. देल्फीन सेरिग या अभिनेत्रीनं सत्तरच्या दशकात अनेक नट्यांच्या मुलाखती घेऊन एक माहितीपट बनवला, ‘सुंदर दिस आणि गप्प बस’ अशा अर्थाच्या नावाचा. त्यात श्नायडरही आहे. कॅमेऱ्यासमोर शांतपणे बसून आपल्या व्यवसायाबद्दल बोलणारी. तिचा तो चेहरा किती जणांना ठाऊक आहे? आपल्याला दुसराच चेहरा माहीत आहे, कारण तोच पुन्हा पुन्हा दाखवला जातो.

नेहमीचे तीन बचाव

पहिला बचाव: ‘पण रिझल्ट बघा ना.’ रिझल्ट बघायचा तर सगळे बघू. ज्या सेटवर छळ झाला आणि सिनेमा भिकार निघाला, त्यांची मोजदाद कोण ठेवतं? मी पाहिलेली शॉर्टफिल्म कुणाच्याच यादीत नाही. छळाच्या जोरावर बनलेला एक अजरामर सिनेमा दाखवायचा आणि छळूनही पडलेले हजार सिनेमे झाकायचे, याला पुरावा म्हणत नाहीत. शिवाय ‘जोन ऑफ आर्क’च्या बाबतीत यश छळाचंच होतं हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट फेकलेल्या टेकमधून उभा राहिलेला दुसरा सिनेमा वेगळंच सांगतो.

दुसरा बचाव: ‘कलाकार स्वतःच स्वतःला जाळून घेतो, कलेत दुःख लागतंच.’ घेऊ दे की. कुणी भूमिकेसाठी वजन उतरवतो, कुणी महिनाभर मौन पाळतो. तो त्याचा निर्णय, आणि तो कधीही थांबू शकतो. स्वतः उपाशी राहणं आणि दुसऱ्याचं ताट ओढून घेणं या दोन गोष्टींना एकच शब्द वापरता येत नाही. दुःख कलेत येतं हे खरं. पण ते कुठून आणायचं हे नटाला ठाऊक असतं. तेच तर तो शिकलेला असतो. आणून देणाऱ्याची त्याला गरज नसते.

तिसरा बचाव, सगळ्यात गोड: ‘अरे, आम्ही तर तिचं कौतुकच करतोय.’ करताय का? तिनं केलेलं एकही नाटक तुम्हाला माहीत नाही. तिनं थिएटर चालवलं हे माहीत नाही. आंद्रोमाक माहीत नाही. तुम्हाला तिचे गुडघे माहीत आहेत. हे कौतुक एका वस्तूचं आहे, जी थोर माणसाच्या हातात पडली आणि तिचं सोनं झालं. यात पूजा तिची दिसते, नैवेद्य दिग्दर्शकाला जातो.

मग त्या चेहऱ्याचं काय करायचं

गोदारच्या १९६२ सालच्या ‘व्हिव्र सा व्ही’ या सिनेमात नाना नावाची तरुणी थिएटरच्या अंधारात ‘जोन ऑफ आर्क’ बघते. पडद्यावर फाल्कोनेट्टी रडते, खुर्चीत आना कारिना रडते. सिनेमाच्या इतिहासातल्या अतिशय सुंदर जागांपैकी ही एक. आपण त्यात दोन दुःखी बायका बघतो. पण नाना कोण आहे? तिला नटी व्हायचंय. मी जेव्हा तो प्रसंग बघते, तेव्हा मला वाटतं की ही मुलगी फक्त दुःख पाहत नसणार. समोरची बाई हे कसं करतेय, तेही ती पाहत असणार. एका होऊ घातलेल्या नटीनं एका मोठ्या नटीकडे बघावं तसं.

आपण तसं बघायला शिकलं पाहिजे. तुम्ही हा सिनेमा बघणार असाल, अगदी फोनवर, बसमध्ये, कानात इअरफोन घालून, तर एक करा. एकच क्लोज-अप निवडा आणि तो तीनदा बघा. पहिल्यांदा रडू आलं तर येऊ द्या. दुसऱ्यांदा तिचे डोळे बघा: प्रश्न विचारणाऱ्याकडे कधी जातात, कधी वर जातात, पापणी किती वेळ लवत नाही. तिसऱ्यांदा तिचं ऐकणं बघा. ती बोलते त्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकते, आणि मूकपटात ऐकणं दाखवणं किती अवघड आहे याचा विचार करा. इतकं केलंत तरी दगडाची गोष्ट तुम्हाला पोरकट वाटू लागेल.

आणि पुढच्या वेळी एखाद्या सेटवर, तालमीत, कॉलेजच्या एकांकिकेच्या गडबडीत कुणी म्हणालं की ‘तिला जरा रडव, मग बघ कसा शॉट मिळतो’, तर त्याला विचारा: तालीम किती दिवस घेतलीस? कालचे टेक तिला दाखवलेस का? प्रसंग तिला समजावून सांगितलास का? उत्तर नाही असेल, तर त्यानं ड्रायरचं नाव घेऊ नये. फाल्कोनेट्टीचं तर अजिबात घेऊ नये.